हरणाकडून धनुष्याकडे

क्रॉसबो विकत घ्यायला आलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. सेकंदाला ३५० फूट की ४००? दुसरा प्रश्न किमतीचा, तिसरा दुर्बिणीचा. खोक्यात धनुष्याबरोबर जे बाण येतात ते तो तसेच ठेवून घेतो आणि निघता निघता काउंटरशेजारी टांगलेलं पात्यांचं एखादं पाकीट उचलतो. बहुतेक वेळा ज्याच्यावरचं चित्र सर्वांत उग्र, तेच. धनुष्यासाठी महिनोन्महिने चौकशी करणारा हा माणूस, हरणाच्या अंगात प्रत्यक्ष शिरणाऱ्या वस्तूसाठी दहा मिनिटंही देत नाही. धनुष्य हरणाला शिवतही नाही. दोरी सुटली की फूट-सव्वा फुटात त्याचं काम संपतं. पुढचं सगळं बाणाला आणि त्याच्या टोकावरच्या पात्याला करायचं असतं. निवडीचा हा उलटा क्रम सुलटा करायला हे पुस्तक निघालं आहे, आणि म्हणून मी ही प्रस्तावना मनापासून लिहितो आहे.

मराठीत असं पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. महाराष्ट्रात या पुस्तकातलं काहीही वन्यप्राण्यावर करून पाहणं हा गुन्हा आहे, आणि लेखकाने ते पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सांगितलं आहे. पण ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, टेक्सास इथे आता मराठी घरं आहेत. त्यांच्या परसात संध्याकाळी पांढऱ्या शेपटीची हरणं येऊन लावलेली झाडं खातात, रस्त्यावर गाडीखाली येतात. तिथे शिकार हा वन्यजीव व्यवस्थापनाचा कायदेशीर, परवान्याने चालणारा भाग आहे, आणि काही मराठी माणसांनी तो परवाना घेतला आहे. शेजाऱ्याकडून ऐकीव माहिती घेऊन जंगलात जाण्यापेक्षा आपल्या भाषेत नीट समजून घेऊन जाणं चांगलं. जे कधीच शिकार करणार नाहीत त्यांनाही या पुस्तकात पुष्कळ मिळेल. बाण ही माणसाने घडवलेल्या सर्वांत जुन्या यंत्रांपैकी एक गोष्ट आहे, आणि ती अजून पूर्ण उलगडलेली नाही.

आधी बाण मारतो कसा, ते पाहू. बंदुकीची गोळी प्रचंड वेगाने शिरते आणि आजूबाजूच्या ऊती फाडत जाते. बाणाला ते शक्य नाही. साधारण ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला ३५० फुटांनी, म्हणजे सुमारे १०७ मीटरने निघाला तर त्याच्यात दीडशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. हरणाच्या बंदुकीच्या गोळीत याच्या कितीतरी पट. बाण मारतो तो रक्तस्रावाने. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय कापलं गेलं तर मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं आणि प्राणी काही सेकंदांत कोसळतो. पुष्कळदा त्याला काय झालं हे कळायच्या आत. यकृतावर लागला तर वेळ जातो. पोटात लागला तर तास जातात, आणि तो काळ त्या प्राण्यासाठी भयंकर असतो. बाणाचं वजन, पात्याचा आकार, नॉकची बनावट या सगळ्या चर्चेमागे प्रश्न एकच आहे: हा बाण त्या छातीच्या पोकळीतून आरपार जाईल का, आणि जाताना स्वच्छ कापेल का?

स्वच्छ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो चेचतो, धारदार विळीवर त्याची साल न दबता चिरली जाते. रक्तवाहिनीचं तसंच आहे. बोथट पातं तिला ढकलतं, ताणतं, फाडतं, आणि फाटलेल्या कडांवर रक्त लवकर गोठतं. धारदार पात्याने कापलेली वाहिनी उघडी राहते. पाकिटातून काढलेली सगळीच पाती पुरेशी धारदार नसतात, हे ऐकून नवख्यांना आश्चर्य वाटतं. आणि सरावासाठी फोमच्या लक्ष्यावर मारलेलं पातं पुन्हा धार लावल्याशिवाय शिकारीला नेऊ नये. हा नियम साधा आहे, तरी सर्वांत जास्त तोच मोडला जातो.

इतिहासाकडे वळलं की एक गोष्ट ठळक दिसते: युद्धाचा बाण आणि शिकारीचा बाण यांच्या वाटा नेहमी वेगळ्या राहिल्या. चीनमध्ये शिआनजवळ पहिल्या छिन सम्राटाच्या समाधीशेजारी जी मातीची सेना सापडली, तिच्याबरोबर क्रॉसबोचे काशाचे खटके आणि सुमारे ४०,००० काशाची बाणाग्रं मिळाली. त्यांतली बहुतेक तीन कडांची, अरुंद, आणि एकमेकांशी कमालीची मिळतीजुळती आहेत. हे युद्धाचं हत्यार. त्याला चिलखत भेदायचं होतं. मध्ययुगीन युरोपातल्या लढाऊ बाणाचं टोकही अरुंदच, पण जाड, चौकोनी छेदाचं असे. ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध क्रॉसबोधाऱ्यांचा आणि धनुर्धरांचा वापर निषिद्ध ठरवला. तो निर्बंध कुणी फारसा पाळला नाही. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या शालूच्या किल्ल्यासमोर क्रॉसबोच्या बाणाने खांद्याजवळ जखमी झाला. २६ मार्चला बाण लागला, ६ एप्रिलला जखम सडून तो मेला. अरुंद टोकाचा बाण मर्मस्थानी न लागता अंगात शिरला की काय होतं याचं हे उदाहरण आहे. युद्धात असा मृत्यू चालून जातो. शिकारीत तो अपराध मानायला हवा.

शिकारीसाठी लोकांनी रुंद पातं निवडलं, आणि ही निवड जगभर दिसते. युरोपात शिकारीत क्रॉसबोही रुळला होता: चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गास्तों फेब्यूसने लिहिलेल्या मृगयाग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितांत क्रॉसबोधारी शिकारी आहेत. बंदूक हाताशी असतानाही सम्राट पहिला मॅक्सिमिलियन आल्प्समध्ये आवडीने क्रॉसबो वापरत असे. आपल्याकडे क्रॉसबो रुजला नाही. निकोबारी लोकांत तो आहे, ईशान्येकडच्या काही जमातींत होता, पण दख्खनचं हत्यार साधं धनुष्यच राहिलं. बाणाचं शास्त्र मात्र इथे बारकाईने मांडलं गेलं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगयेचं विस्तृत विवेचन आहे. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीसह धनुर्विद्येच्या परंपरेत क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड अशी बाणाग्रांची यादी येते आणि प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. त्याच परंपरेत बाणाची जाडी पुढे, मागे की सारखी, यावरून त्याचे प्रकार पाडले आहेत: एक दूर जाणारा, एक खोल भेदणारा, एक लक्ष्यवेधाच्या सरावाचा. आज अमेरिकेत बाणाचा तोल किती पुढे असावा यावर जो वाद चालतो त्याचं बीज हेच. एकच बाण सगळी कामं सारखी करू शकत नाही, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

आधुनिक काळातलं नवं पर्व अमेरिकेत सुरू होतं, आणि ते साध्या धनुष्यापासून सुरू होतं. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ ‘याही’ नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस, इशी, जगासमोर आला. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला, आर्ट यंगबरोबर त्याने मोठमोठी जनावरं बाणाने मारली, आणि १९२३ मधल्या त्याच्या पुस्तकाने एका पिढीला वेड लावलं. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम दिला. जेम्स ईस्टनने लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या दांड्या आणल्या, त्यामुळे एकसारखे बाण पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हाती आले. फ्रेड बेअरचं रेझरहेड १९५६ मधलं; मुख्य पात्यात बसवायचं बारीक दुसरं पातं ही त्याची कल्पना आजही जिवंत आहे. हॉलेस ॲलनने १९६० च्या दशकात कप्प्यांचं कंपाउंड धनुष्य बनवलं आणि वेग वाढत गेला. वेग वाढला तशी रुंद पाती हवेत भरकटू लागली, म्हणून उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी यांत्रिक पाती आली.

या सगळ्या काळात क्रॉसबो दाराबाहेर उभा होता. धनुर्धरांच्या जुन्या संस्थांना तो आपला वाटत नव्हता. पोप अँड यंग क्लबच्या नोंदवहीत क्रॉसबोने मारलेला प्राणी आजही घेतला जात नाही. ओहायोने १९७० च्या दशकात दार उघडलं. पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये सर्वांना मुभा दिली, आणि विस्कॉन्सिनमध्ये काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या उभ्या धनुष्याच्या पुढे गेली. ऑरेगनने मात्र शिकारीसाठी त्याला अजून मज्जाव केला आहे. म्हणजे लाखो माणसं थोड्या वर्षांत या हत्याराकडे आली, आणि त्यांतल्या अनेकांचा धनुर्विद्येशी आधी संबंधच नव्हता. ट्रिगर दाबला की बाण सुटतो, दुर्बिणीतून लक्ष्य दिसतं. त्यामुळे ही बंदुकीची धाकटी बहीण आहे असा समज होतो. हा समज धोक्याचा आहे, आणि या पुस्तकाची खरी निकड तिथेच आहे.

कारण बंदूक गोळीला नळीत धरून ठेवते. क्रॉसबोवर बाण रेलवर नुसता टेकलेला असतो आणि मागून दोरी त्याला ढकलते. ती दोरी बाणाच्या शेपटाला, म्हणजे नॉकला, नेमकी कशी भिडते यावर सगळं अवलंबून आहे. नॉक सपाट असतो, अर्धचंद्राकृती खाचेचा असतो, अनेक खाचांचा असतो, किंवा दोरीला चिमटून धरणारा असतो. ज्या धनुष्याला जो सांगितला आहे तोच वापरायचा. चुकीचा नॉक लावला, किंवा अर्धचंद्राची खाच दोरीच्या रेषेत बसली नाही, तर दोरी बाणाच्या वरून वा खालून निसटते. धनुष्याची सगळी ताकद बाणाला न मिळता धनुष्यातच कोसळते, भुजा फुटतात, माणसाला इजा होते. अतिहलक्या बाणानेही जवळपास तेच होतं. म्हणून निर्मात्याने दिलेलं किमान वजन ही सूचना नाही, मर्यादा आहे. बाण निवडण्याची चर्चा बहुतेक जण टोकाकडून सुरू करतात. ती शेपटाकडूनही तितक्याच गांभीर्याने झाली पाहिजे. लेखकाने नॉकला जी जागा दिली आहे ती पाहून काहींना ती जास्त वाटेल. मला ती योग्य वाटते.

आता मतभेदांकडे. क्रॉसबोच्या जगात दोन मोठे वाद आहेत, आणि नवख्या माणसाला ते एकच वाटतात.

पहिला वाद वजनाचा. एका पक्षाला हलका, वेगवान बाण हवा: वाट सपाट राहते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. दुसऱ्या पक्षाला जड बाण हवा. या पक्षाला बळ दिलं ते डॉ. एड ॲशबी यांनी. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात आणि नंतरही त्यांनी मोठ्या जनावरांच्या शरीरात बाण किती शिरतो याचा अभ्यास केला. जड बाण, पुढे झुकलेला तोल, मजबूत दांडी, अरुंद, धारेला एकाच बाजूने उतार दिलेलं पातं, आणि जाड हाड फोडायचं तर ६५० ग्रेनच्या आसपासचं वजन, असा त्यांचा निष्कर्ष. गणित त्यांच्या बाजूने थोडं झुकतं. एकाच क्रॉसबोतून ४०० ग्रेनचा बाण ३५० फुटांनी आणि ५०० ग्रेनचा साधारण ३१५ फुटांनी गेला, तर दोघांची ऊर्जा जवळपास सारखीच. पण जड बाणाचा संवेग दहा टक्क्यांहून अधिक, आणि अंगात शिरून पुढे जात राहणं संवेगावर जास्त अवलंबून असतं. शिवाय जड बाणाने धनुष्याचा आवाज कमी होतो.

आवाजाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि वेगाच्या जाहिरातींत तो कधी येत नाही. ४० यार्डांवरच्या हरणाकडे दोरीचा आवाज सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात पोचतो. ३५० फुटांच्या वेगाने निघालेल्या बाणाला तेवढ्याच अंतराला सेकंदाचा एक तृतीयांश लागतो. मधल्या पाव सेकंदात सावध हरिण पळण्यासाठी खाली बसकण मारतं आणि बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट, कण्याजवळ लागतो. वेग ४०० फुटांवर नेला तर ही फट सेकंदाच्या अवघ्या चार शतांशांनी कमी होते. आपल्या ओळखीचा चितळ टेक्सासमध्ये १९३० च्या दशकात नेला गेला, आणि तिथले शिकारी सांगतात की दोरीचा आवाज चुकवण्यात त्याचा हात धरणारा प्राणी नाही. त्याच्यासमोर आणखी पन्नास फूट वेग कामाला येत नाही. जवळ जाणं आणि कमी आवाज, एवढंच येतं.

दुसरा वाद पात्याचा. स्थिर पातं एकसंध किंवा बदलता येणाऱ्या धारांचं असतं. त्याची कापण्याची रुंदी बहुधा इंचभर किंवा थोडी अधिक. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, हाडावर ते टिकतं. पण वेगवान क्रॉसबोवर तेच पातं पुढे बसवलेल्या पंखासारखं वागतं आणि बाणाला वळवतं. दांडी किंचित वाकडी, पातं किंचित तिरकं असलं तरी नेम फुटभर चुकतो. यांत्रिक पातं मिटून उडतं म्हणून सरावाच्या टोकासारखं सरळ जातं, आणि उघडल्यावर दीड-दोन इंच रुंद कापतं. पण उघडायला ऊर्जा लागते, तिरक्या कोनात ते घसरू शकतं, आणि क्रॉसबोच्या जोरदार धक्क्याने कधी कधी सुटतानाच उघडतं. म्हणून क्रॉसबोसाठी वेगळ्या, घट्ट कड्यांची पाती मिळतात. या दोन्हींचं मिश्रण करणारी संकरित पातीही आहेत.

हा वाद खेळाडूंच्या चाहत्यांसारखा लढवला जातो, आणि त्यात मुख्य गोष्ट हरवते. छातीत नीट लागलेला, धारदार आणि सरळ उडणारा बाण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला कुठल्याही प्रामाणिकपणे बनवलेल्या पात्याने मारतो. पात्याची निवड निर्णायक ठरते ती हाड आडवं आल्यावर आणि जनावर मोठं असल्यावर. टेक्सासच्या किंग रँचवर १९३० च्या सुमारास सोडलेल्या नीलगाईंची संख्या आज हजारांत आहे. विदर्भातला शेतकरी तिला रोही म्हणतो आणि उभ्या पिकात ती शिरली की काय होतं ते जाणतो. अडीचशे किलोचा नर, जाड कातडी, भक्कम हाडं. तिथे हलका बाण आणि रुंद यांत्रिक पातं घेऊन जाणं म्हणजे जनावर जखमी करून सोडण्याची तयारी. लेखकाने रोहीचं उदाहरण विस्ताराने घेतलं आहे, आणि मराठी वाचकाला त्याच्या ओळखीच्या देहावर हे सगळं समजावून देण्याची त्याची पद्धत मला फार आवडली.

आत्ताच हे पुस्तक का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्याही खाली गेली होती; आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे आणि पुमा बहुतेक भागांतून गेले, उपनगरांत बंदूक चालवता येत नाही, आणि अनेक गावं संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी धनुष्य व क्रॉसबोवर अवलंबून आहेत. बाणात शिसं नसतं, त्यामुळे उरलेलं मांस खाणारी गिधाडं आणि गरुड विषबाधेतून वाचतात. शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातलेल्या कॅलिफोर्नियात हा मुद्दा विशेष जाणवतो. शिवाय विकल्या गेलेल्या प्रत्येक ब्रॉडहेडवर, म्हणजे शिकारीच्या पात्यावर, केंद्रीय अबकारी कर लागतो, ११ टक्के, आणि तो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. म्हणजे पातं विकत घेणारा माणूस त्या जंगलाच्या देखभालीत सहभागी असतो, त्याला हवं असो वा नसो. त्या सहभागाबरोबर जबाबदारी येते: पोटात बाण लागलेलं हरिण उपनगरातल्या कुणाच्या अंगणात जाऊन पडू नये.

या पुस्तकाचा क्रम म्हणूनच वेगळा आहे. ते प्राण्यापासून सुरू होतं: त्याची छाती किती रुंद, फासळ्या कशा, कोणत्या कोनात मर्मस्थान दिसतं आणि कोणत्या कोनात बाण सोडू नये. तिथून पात्याकडे, पात्याकडून दांडीच्या कडकपणाकडे आणि तोलाकडे, तिथून पिसांकडे आणि नॉककडे, आणि सर्वांत शेवटी धनुष्याकडे. क्रॉसबोवर दांडी उभ्या धनुष्यासारखी मुठीला वळसा घालत नाही, म्हणून तिचा कडकपणा दुय्यम आहे असं पुष्कळदा लिहिलं जातं. जड पातं आणि ते दांडीत बसवणारं पितळी इन्सर्ट पुढे लावल्यावर तीच दांडी सुटताना कशी वाकते, हे लेखकाने आकृत्यांनी दाखवलं आहे. कोणत्याही कंपनीची शिफारस त्याने केलेली नाही. वजनं ग्रेन आणि ग्रॅम दोन्हींत आहेत, अंतरं यार्ड आणि मीटर दोन्हींत. पात्याची किमान रुंदी, यांत्रिक पात्यांची मुभा, हंगामाच्या तारखा हे सगळं राज्याराज्यांत वेगळं आहे आणि बदलत राहतं, तेव्हा ते परवान्याबरोबर मिळणाऱ्या त्या वर्षीच्या पुस्तिकेतच पाहावं.

एका बाबतीत माझं लेखकाशी पटत नाही. तो दोन धारांच्या स्थिर पात्याचा आणि ५०० ग्रेनहून जड बाणाचा आग्रह सर्वांसाठी धरतो. मी पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, तीस यार्डांच्या आत, पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ४५० ग्रेनच्या आसपासचा बाण आणि चांगलं यांत्रिक पातं वापरतो, कारण त्या झुडपांत रक्ताचा माग लवकर आणि ठळक मिळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खांद्याचं हाड आडवं आलं तर त्याचं पातं पुढे जाईल आणि माझं अडेल, हा त्याचा आक्षेप खरा आहे. म्हणून हरिण पूर्ण आडवं उभं राहून पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत मी थांबतो, आणि ते तसं उभं राहिलं नाही तर बाण सोडत नाही.